ड्रायव्हरच नसेल तर धरणार कुणाला?

काल स्टँडवर चहा पिताना एकाने मोबाईलवर बिनड्रायव्हरच्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ दाखवला. "आपल्याकडं पण येणार बघा!" गडकरी म्हणतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. बरोबरच आहे. पण माझा प्रश्न वेगळाय.

९ डिसेंबर २०२४, कुर्ला. इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, माणसं चिरडली. पाटी बेस्टची, बस ठेकेदाराची, ड्रायव्हर कंत्राटी. त्याला ई-बसचं पुरेसं ट्रेनिंग होतं का, हे नंतर विचारलं गेलं. अटक मात्र लगेच झाली, ड्रायव्हरला.

ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. दुसऱ्या गाडीने उडवलेली बाई क्रूझ कंपनीच्या बिनड्रायव्हर टॅक्सीखाली आली. टॅक्सीने तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचा परवाना रोखला. धरायला ड्रायव्हर नव्हता, म्हणून कंपनीला धरलं.

आपली सवय काय? ड्रायव्हरला धरा, विषय संपवा. उद्या ड्रायव्हरच नसला तर? "सॉफ्टवेअरची चूक" म्हणून सगळे हात वर करणार!

म्हणून मशीन यायची वाट बघू नका. आजच्याच ई-बस करारात लिहा: अपघात झाला तर ठेकेदार आणि बस चालवणारी संस्था, दोघंही जबाबदार. स्टिअरिंगवर माणूस असो वा नसो.

पटत नसेल तर कमेंटमध्ये भांडा.