आरोग्यविचार : टक्कल आणि डोक्याला लावायची औषधे



कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेलाचा घाणा हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांच्या घरी केसांच्या प्रत्येक तक्रारीवर खोबरेल तेल हाच पहिला उपाय असावा, यात नवल नाही. तेलाचा गुण खराच आहे. त्याने केस मऊ राहतो व विंचरताना कमी तुटतो. तथापि तुटणारा केस वेगळा आणि मुळाशीच बारीक होत जाणारा केस वेगळा. पुरुषाचे कपाळ मागे सरकते किंवा स्त्रीचा भांग रुंदावतो, तेथे तेलाची मात्रा चालत नाही.

अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली दाखविले की, वयात येण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. परंतु घराण्यात टक्कल असणाऱ्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यास ते पडू लागते. या संप्रेरकापासून बनणारे डीएचटी नावाचे द्रव्य केसांची मुळे लहान करीत जाते. स्त्रियांच्या बाबतीत हा संबंध इतका स्पष्ट नाही.

वरून लावायच्या औषधांत पहिला मान मिनॉक्सिडिलचा. 1979 साली अमेरिकेत ते रक्तदाबावरील गोळी म्हणून मान्य झाले. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असे दिसल्यावर तेच द्रव्य डोक्याला लावून पाहण्यात आले. 1988 साली पुरुषांसाठी आणि 1991 साली स्त्रियांसाठी 2 टक्क्यांच्या द्रावणास मान्यता मिळाली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 393 पुरुषांवरील चाचणीत, 48 आठवड्यांनंतर 5 टक्क्यांच्या द्रावणाने 2 टक्क्यांच्या द्रावणापेक्षा 45 टक्के अधिक केस आले. द्रावणाने खाज सुटल्यास फेसाच्या रूपातील औषध बहुधा सोसते. आरंभीचे काही आठवडे केस अधिकच गळतात. घाबरून औषध सोडू नये. गुण दिसण्यास किमान चार महिने लागतात, आणि औषध थांबविले की मिळालेले केसही काही महिन्यांत जातात. कारण मिनॉक्सिडिल केसांच्या वाढीचा काळ लांबविते, संप्रेरकास अडवीत नाही.

संप्रेरकास अडविते ते फिनास्टेराइड. त्याची गोळी 1997 साली अमेरिकेत पुरुषांसाठी मान्य झाली. पुढे फवारा आला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 24 आठवड्यांच्या चाचणीत फवाऱ्याचा गुण गोळीच्या जवळपास आढळला आणि रक्तात उतरलेले औषध शंभरपटीहून कमी होते. म्हणून ते निर्धोक मानावे काय? नाही. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधविक्रेत्यांनी स्वतः मिसळून दिलेल्या अशा लोशनांविषयी इशारा दिला. 2019 ते 2024 या काळात त्यांच्याकडे 32 तक्रारी आल्या होत्या. त्यांत खिन्नता, कामेच्छा मंदावणे आणि आत्महत्येचे विचार यांचाही समावेश होता.

कीटोकोनाझोलचा शाम्पू मुळात कोंड्यावरचा आहे. त्यास जोडीचा उपाय मानावे. मुख्य औषध नव्हे.

आता घरातील इतरांविषयी. गरोदर स्त्रीने फिनास्टेराइडला स्पर्शही करू नये. पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीस ते अपायकारक आहे. मिनॉक्सिडिलही गरोदरपणी व अंगावर पाजताना वर्ज्य समजावे. वडिलांच्या डोक्याचे मिनॉक्सिडिल अंगाला लागून तान्ह्या बाळांच्या अंगावर दाट केस उगवल्याची उदाहरणे युरोपात नोंदली गेली आहेत. घरात मांजर असेल तर त्याला ते विषासमान आहे. म्हणून औषध लावल्यावर हात धुवावेत, डोके वाळू द्यावे, आणि मगच लेकराला कडेवर घ्यावे.

केस एकाएकी, चकत्या पडून किंवा बाळंतपणानंतर गळू लागले, तर ती बाब निराळी. विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलीचा भांग रुंदावत असेल, तर शेजारणीने सुचविलेली बाटली आणण्यापूर्वी कुपात होलीमच्या डॉक्टरांकडून थायरॉइड व लोह तपासून घ्यावे. तिला बोल लावू नये. हा तिच्या आळसाचा दोष नव्हे.

यांपैकी कोणतेही औषध कायमचा इलाज नाही. जे वर्षानुवर्षे नेमाने लावता येईल, खिशाला झेपेल आणि घरातील कोणास बाधणार नाही, तेच निवडावे.