मदत, शेजारधर्म की भरपाई?



शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्याचे वजन मात्र व्यवहारात कळते. प्रशांत महासागरातील तुवालू हा देश याचे उत्तम उदाहरण आहे. नऊ बेटांच्या या देशाची लोकसंख्या सुमारे ११ हजार असून तेथील जमीन समुद्रसपाटीपासून कोठेही पाच मीटरपेक्षा उंच नाही. समुद्राची पातळी वाढत आहे. त्यास कारणीभूत वायूंमध्ये तुवालूचा वाटा मात्र नगण्य आहे.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने तुवालूशी ‘फालेपिली संघ’ हा करार केला. ‘फालेपिली’ या तुवालू भाषेतील शब्दाचा आशय आपल्या ‘शेजारधर्मा’जवळचा आहे. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालू नागरिकांना ऑस्ट्रेलियात कायमचे वास्तव्य करता येते. समुद्राची पातळी वाढली तरी तुवालूचे राष्ट्रत्व टिकून राहील, हेही करारात मान्य केले आहे. मात्र अन्य देशांशी संरक्षणविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती आवश्यक ठरते. शेजारधर्माला अशी अट जोडली की त्यात सौद्याचा अंश येतो, असे माझे मत आहे.

‘भरपाई’ या शब्दाची कथा वेगळी आहे. २०१५ च्या पॅरिस करारात ‘हानी व नुकसान’ ही संज्ञा आली. परंतु तिच्या आधारे दायित्व वा भरपाई मागता येणार नाही, असे परिषदेच्या निर्णयात नमूद झाले. २०२३ मध्ये दुबई येथे कार्यान्वित झालेल्या निधीतील योगदानही ऐच्छिकच आहे.

पैसा मिळाल्याशी कारण, नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. पण मदत देणाऱ्याच्या मर्जीने थांबते. देणे तसे थांबत नाही. हवामानविषयक कर्तव्यांचा भंग झाल्यास भरपाईची जबाबदारी उद्भवू शकते, असे सल्लागार मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. ते म्हणूनच मोलाचे आहे.

स्थलांतराने माणसे वाचतील. परंतु वस्ती विखुरली की भाषा दोन-तीन पिढ्यांत क्षीण होते. म्हणून किनारे राखून लोकांना बेटांवरच राहता येईल, यासाठीच्या निधीला अग्रक्रम मिळाला पाहिजे. या विषयावरील बातम्या वाचताना ‘मदत’ आणि ‘देणे’ यांपैकी कोणता शब्द योजला आहे, हे आपण आवर्जून पाहावे. त्या निवडीतच लिहिणाऱ्याची भूमिका दडलेली असते.