स्टँपपेपरवरची फारकत



मागच्या रविवारी एक फोन आला. "काका, संध्याकाळी आमच्याकडे बसायचंय. मुलगी परत आलीये. तुम्ही वडीलधारे, दोन्हीकडच्यांना चार शब्द सांगा, आपापसात मिटवू. कोर्टाची पायरी नको." मी नाही म्हणालो. त्यांना राग आला आणि दोन दिवसांत तो दांडियाबाजारभर पोचलाही. म्हणून इथेच लिहितो, म्हणजे एकदाच सांगून होईल.

अशा बैठकीला मी एकदा बसलोय, १९९७ साली. चुलत भावाची मुलगी पुण्याला दिलेली, ती अडीच वर्षांत माहेरी आली. का आली ते इथे लिहिणार नाही. भावाच्या दिवाणखान्यात आम्ही सात पुरुष आणि एक आत्या. मुलगी आत आमच्यासाठी चहा करत होती. तिला कोणी बाहेर बोलावलं नाही, आणि मला ते तेव्हा खटकलंही नाही. शंभराच्या स्टँपपेपरवर फारकत लिहिली, खाली पाच सह्या, त्यातली दुसरी माझी. नोटरीचा शिक्का बसला. दागिने ‘जमेल तसे’ परत करू, असं सासरकडचे म्हणाले. किती समंजसपणे मिटवलं म्हणून आम्ही स्वतःवरच खूश!

चार वर्षांनी सुरतेचं स्थळ आलं, चांगलं होतं. त्यांनी कोर्टाचा हुकूमनामा मागितला. आम्ही स्टँपपेपर पुढे केला. मुलाचे मामा वकील. ते हसले नाहीत, एवढाच त्यांचा चांगुलपणा. कायद्याने ती अजून पुण्याच्या माणसाची बायकोच होती. १९५५ चा हिंदू विवाह कायदा फारकतीची जुनी रूढी मानतो, पण ज्यांच्यात ती चालत आलीये त्यांच्यापुरतीच, आणि तीही कोर्टात शाबीत करावी लागते. आमच्या घरात अशी रूढी कधीच नव्हती. तसंच दुसरं लग्न लावून दिलं असतं तर ते रद्दबातल, वर मुलीच्या डोक्यावर फौजदारी गुन्हा.

मग नवऱ्याने संमतीच्या सहीसाठी पैसे मागितले. लग्न पुण्याचं, संसार पुण्याचा, म्हणून तेव्हाच्या कायद्याने दावाही पुण्यालाच. (२००३ पासून बायको जिथे राहते तिथेही दावा लावता येतो, हे आजही कित्येक बापांना ठाऊक नाही.) भाऊ तीन वर्षं मुलीला घेऊन रात्रीच्या गाडीने तारखांना जात राहिला. हुकूमनामा हातात आला २००४ साली. सुरतेचं स्थळ केव्हाच गेलं होतं. दागिने काही त्यांना ‘जमले’ नाहीत.

मी जन्मभर बँकेत काढला. पन्नास हजारांचं कर्ज द्यायचं तरी जामीनदार, उतारे, वकिलाचा टायटल रिपोर्ट, सगळं बघत होतो. आणि घरातल्या मुलीची बाब सात जणांच्या तोंडी शब्दावर सोडली. माझ्या टेबलावर असा प्रस्ताव आला असता तर एका मिनिटात परत गेला असता.

काउंटरवर जे बघितलंय तेही सांगतो. मुलीचं सोनं सासूच्या नावच्या लॉकरमध्ये असेल तर बँक मुलीला दारातही उभी करत नाही. जॉइंट लॉकर ‘दोघांपैकी कोणीही’ असेल तर नवरा एकटा येऊन रिकामा करून जातो, आणि बँकेचं त्यात काही चुकत नाही. स्त्रीधन बायकोचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलंय, पण काय काय होतं याची यादी नको का? तसंच फ्लॅटच्या कर्जावर मुलीची सही असेल तर घटस्फोट होवो न होवो, हप्त्यासाठी बँक तिलाही धरते. हे बैठकीत कोण सांगतं? पहिल्याच आठवड्यात वकील सांगतो.

"वकील भांडण वाढवतात," असं म्हणतात. वाढवतात काही, मीही पाहिलेत. सासरच्या यच्चयावत माणसांची नावं तक्रारीत घालायला लावणारे पाहिलेत, तारखांवर जगणारेही पाहिलेत. तसला भेटला तर वकील बदला. डॉक्टर बदलतो तेव्हा कुठे लाज वाटते? आणि चांगला वकील पुष्कळदा सामोपचारच सुचवतो. दोघं राजी असतील आणि वर्षभर वेगळे राहत असतील तर परस्पर संमतीने अर्ज होतो. मधली सहा महिन्यांची मुदतही योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून. म्हणजे बैठकीत जे ‘मिटवायचं’ तेच, फक्त टिकेल असं. पोटगीसाठी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, हे २०२० सालचं. ‘मुलाचा पगार थोडाच आहे’ हे सोफ्यावर बसून म्हणणं सोपं, शपथेवर लिहिणं अवघड!

पैशाचं म्हणाल, तर १९८७ च्या कायद्याने कुठल्याही बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टात कानूनी सेवा सत्तामंडळाचं ऑफिस असतं, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. अर्ज करायला आपल्या लोकांना कमीपणा वाटतो. रेशनच्या रांगेत उभे राहिलोच होतो ना?

आणि ही अब्रूची भाषा निदान बडोदेकरांनी तरी बोलू नये. सयाजीराव महाराजांनी या गावात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तो १९३१ साली. मुंबईला तो यायला १९४७ उजाडलं. जयंतीला आपण पुतळ्याला हार घालतो, पुरोगामी संस्थान म्हणून छाती फुगवतो, आणि महाराजांनी उघडलेल्या दारातून पोरीला जाऊ देत नाही. न्यायमंदिरातून कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं, आपण होतो तिथेच.

मुलाकडच्यांनाही हेच सांगणं आहे. तुमचा मुलगाही त्या कागदाने मोकळा होत नाही.

त्या गृहस्थांना मी काल परत फोन केला. म्हटलं, बैठकीला येणार नाही, सोमवारी अकरा वाजता दिवाळीपुऱ्याला कोर्टाच्या फाटकाशी उभा राहतो. मुलीला घेऊन या. लग्नाचा दाखला, तिची पासबुकं, कर्जाचे कागद आणि लग्नाचा अल्बम आणा, दागिन्यांची यादी फोटो बघून तिच्याच हाताने करून घेऊ. ते म्हणाले, विचार करून सांगतो. तेवढ्यात मागून मुलीचा आवाज आला, "काका, मी येते."