टाकी बदलून मिळेल, घराचं काय?

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाथरूममधला गीझर फुटला. फॉल्स सीलिंग खाली आलं, पाणी हॉलभर झालं, कपाटाचं प्लायवूड फुगलं. कंपनीच्या माणसाने वॉरंटी कार्ड पाहिलं आणि म्हणाला, ''टाकी फुकट बदलून देतो.'' आणि सीलिंग? ''ते आमच्याकडे येत नाही.'' खरं तर येतं.

१. वॉरंटी वस्तूपुरती, कायदा घरापर्यंत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे घरातल्या इतर मालमत्तेचं नुकसान झालं किंवा कुणाला इजा झाली, तर भरपाई मागता येते. त्यापायी झालेल्या मनस्तापाचीसुद्धा.

२. उत्पादनात किंवा रचनेत दोष होता, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नव्हती, यातलं एक दाखवता आलं तरी कलम ८४ नुसार उत्पादक जबाबदार ठरू शकतो. पण दाखवावं आपल्यालाच लागतं.

३. म्हणून फुटलेली वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका. 'वर्कशॉपला नेऊन बघतो' म्हणत ती गेली, की पुरावाही गेला. तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण ती जागेवर असली तर! फोटो काढा, सिरियल नंबरची पट्टी आणि बिल जपा, शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी पंचनामा करा. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या.

४. आपली बाजूही स्वच्छ हवी. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून प्लंबरकडून त्याला बूच मारून घेतलं असेल, तर 'वस्तूत फेरफार केला' हा बचाव आपणच कंपनीच्या हाती दिला.

५. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत करता येते. शुल्क ठरतं ते वस्तूच्या किमतीवर. पाच लाखांपर्यंत काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा.

६. तक्रार केवळ स्वतःसाठी नसते. धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे आणि तिथली तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. प्रत्येकाने नवी टाकी घेऊन गप्प बसायचं ठरवलं, तर तसलाच पुढचा गीझर कुणाच्या डोक्यावर टांगला आहे, हे कळणार कसं?

आमचा गीझर अजून बाल्कनीत आहे, पोत्यात बांधलेला. कंपनीच्या माणसाने दोनदा मागितला. दिला नाही.