क्यूआर कोड कुणाच्या नावाचा?

बायांनी ऑनलाइन व्हावं, मग त्यांचा धंदा वाढेल, असं बँकेचे साहेब म्हणतात, गटाच्या मॅडम म्हणतात, शिबिरात येणारे सगळेच म्हणतात. माझा प्रश्न एवढाच असतो : पैसा जमा कुणाच्या खात्यात होणार? त्यावर साहेब हसतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात.

मी माजरीला खानावळ चालवते. खाणीतले कंत्राटी कामगार, ट्रकवाले, जंक्शनवर अडकलेले प्रवासी असं माझं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात गटातल्या आम्ही बाया पापड, कुरडया, सरगुंडे करतो. कोळशाची धूळ बसू नये म्हणून वाळवण जुन्या पातळाखाली झाकतो. यंत्रावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. २०१६ साली यूपीआय आलं आणि सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पूर्वी कंत्राट संपलं की कामगार उधारी बुडवून गावी निघून जायचा. आता तो बिहारातूनही महिन्याचे पैसे पाठवतो. कुरडयांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की वरोऱ्याहून मागणी येते. हे सगळं उपयोगाचं आहे. म्हणूनच ते बाईच्या हातात असायला हवं.

पण एकदा बाजारातून चक्कर मारा. भजी ती तळते, भाजी ती निवडते, पहाटे चूल ती पेटवते. आणि गाड्यावरची पेटी मोठ्याने रुपये मिळाल्याचं ओरडते, ते नवऱ्याच्या खात्यात. पेटी बसवायला आलेला पोरगा मलाही म्हणाला, “काकू, काकांचंच खातं द्या ना, लवकर होईल.” त्याला दिवसाचे कोड पुरे करायचे असतात. घरात चांगला फोन एकच, तो काकांच्या खिशात. बँकेला दिलेला नंबरही काकांचा, म्हणून ओटीपी त्यांच्याकडे. कुणी कट केलेला नसतो, तरी बाईची कमाई तिच्या हातातून निघून जाते.

देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बाया १०० पैकी ५४ निघाल्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ३३, आणि पुरुष मात्र ५७. या आकड्यांवर उभं राहून सगळ्यांना ‘डिजिटल’ करायचं म्हटलं की फोन ज्याचा, धंदा त्याचा होतो.

नगद पैशाचे दोष मला ठाऊक आहेत. पण नगद आधी तिच्या हातात यायचं. त्यातले वीस-पन्नास डाळीच्या डब्यात जायचे, पोरीची फी, स्वतःचं औषध त्यातून निघायचं. आता पैसा आल्याचा आवाज तिला ऐकू येतो, पण खर्चायचा तर मागावा लागतो. आमच्या जिल्ह्यातल्या बायांनी वर्षानुवर्षं लढून १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी मिळवली, २०२१ साली सरकारने ती उठवली. तेव्हा खात्यातला पैसा कुठे जाऊ शकतो, हे चंद्रपूरच्या बाईला समजावून सांगायला नको.

आणि कर्ज? ते मात्र बाईच्याच नावावर. गटाचं कर्ज तिचं, छोट्या कर्जाच्या कंपन्या हप्ता मागायला येतात तिच्याच दारात. कर्ज तिचं आणि विक्री त्याच्या खात्यात, असा हा हिशेब आहे. पुढे मोठं कर्ज मागायला ती बँकेत गेली की साहेब म्हणणार, बाई, तुमच्या खात्यात उलाढालच दिसत नाही!

उलटाही प्रकार आहे. सरकारी खरेदीत बायांच्या उद्योगांसाठी २०१८ पासून ३ टक्के राखीव आहेत. मग उद्यम नोंदणी बायकोच्या नावाने होते, सही तिची असते आणि धंदा नवऱ्याचा. सरपंचपती आपण पाहिले, आता उद्यमपती पाहा.

“नवरा-बायकोत तुझं-माझं काय?” असं विचारणारे नेहमी भेटतात. मग दुकान, सातबारा, घरपट्टी बायकोच्या नावाने करून टाका की. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम १४ सांगतं की बाईने स्वतःच्या कौशल्याने, कष्टाने मिळवलेलं पूर्णपणे तिच्या मालकीचं. (हा कायदा आदिवासी बहिणींना लागू नाही, तो वेगळा झगडा आहे.) २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळही हिंसाच धरला आहे.

खातं नाही ही सबब आता चालणार नाही. २०२४ साली लाडक्या बहिणीचे दीड हजार यायचे म्हणून घरोघरी बायांची आधार जोडलेली खाती तयार झाली. तेव्हा कुणी म्हणालं नाही, काकांचं खातं द्या. मग त्याच खात्याचा कोड गाड्यावर का लागू नये? एटीएम कार्ड नसलं तरी आधारच्या ओटीपीवर यूपीआय सुरू होतं, फक्त आधार आणि बँकेत नंबर आपला स्वतःचा हवा. साध्या बटनाच्या फोनवरही मार्च २०२२ पासून सोय आहे. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारा दलाल समजा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो मागणारा चोर समजा आणि फसलात तर लगेच १९३० ला फोन लावा.

शिबिर घेणाऱ्यांना आमच्या गटाने सांगून टाकलं आहे : कितीजणींना शिकवलं हा आकडा आम्हाला नको. कितीजणींचा कोड त्यांच्या स्वतःच्या खात्याचा आहे, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो आणि पिन कुणाला ठाऊक आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून आणा. मग पुढच्या शिबिराला हॉल आम्ही देऊ आणि जेवण माझ्या खानावळीतून.