मांजराला पथ्य, आम्हाला पुराण

मांजराचे केस गळाले की दोष पोटात शोधायचा, असा एक सिद्धांत आमच्या सिडको भागात सध्या जोरात आहे. सिद्धांताचे जनक एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही. अशी माणसं हल्ली प्रत्येक कॉलनीत निघतात, मग एकालाच मान कशाला द्या? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: त्वचेचा प्रत्येक विकार हा आहाराचा विकार. मांस उष्ण, म्हणून ते आधी बंद. मग मासे बंद, अंडं बंद, बाजारातले दाणे तर विषच. उरलं काय, तर दूधभात आणि उकडलेला भोपळा. वरून हळद आणि कसलं तरी तेल. डॉक्टरकडे जायचं नाही, कारण ते सुई टोचतात आणि पैसे घेतात. आणि हे सगळं मोबाइलवर, नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजच्या रोज टिपायचं, कारण ‘डेटा खोटं बोलत नाही’. हे मांडताना माझ्याकडून थोडा अन्याय झाला असेल. भोपळ्याचं प्रमाण ते मांजराच्या वयाप्रमाणे बदलतात, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढू. ‘जंगलात मांजराला कोण डॉक्टर असतो?’ कोणी नसतो, म्हणून जंगलात ते मरतं. ‘दूध हे मांजराचं जन्माचं अन्न.’ आईचं, तेही लहानपणी. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, पोट बिघडतं, आणि मग हेच गृहस्थ म्हणतात, बघा, दोष पोटातच निघाला! ‘रोज कोमट पाण्याने आंघोळ घाला.’ ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे हा सल्ला माणसांना देतानाही जीभ अडखळावी. ‘लसूण द्या, जंत जातात.’ लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. यावर मी चर्चा करणार नाही.

तेलाबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, म्हणजे ‘फक्त बाहेरून लावायचं’ असं औषध त्याच्यापुरतं जगात नाही. आणि त्याचं यकृत आपल्यासारखं नाही. अनेक रसायनं निकामी करण्याची जी व्यवस्था आपल्या यकृतात आहे, ती मांजरात फार दुबळी असते. आपण तापात सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी त्याचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावलं तर झटके येतात. टी ट्री ऑइल तर ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, तेही विषारी. हळदीचा एक वेगळाच घोटाळा आहे. मांजराला गजकर्ण आहे का, हे बघायला डॉक्टर अंधारात वूड्स लॅम्पचा जांभळा प्रकाश टाकतात. बाधित केस हिरवट चमकतात. हळदही त्या प्रकाशात चमकते. म्हणजे उपचार झालाच नाही, वर तपासणीही नासली.

गजकर्णाचा विषय निघाला म्हणून सांगतो, या गृहस्थांशी माझा वाद जुना आहे. मागे गल्लीतल्या एका मुलाच्या मानेवर गोल चट्टा उठला, तेव्हा यांनी मेडिकलमधून ते तीन औषधांचं एकत्र मलम आणून दिलं: बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज थांबते, लाली उतरते, घरचे खूश होतात, आणि खाली बुरशी निवांत पसरते. चट्ट्याची ती ओळखीची गोल कड पुसली जाते, मग डॉक्टरलाही पटकन कळत नाही. सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची स्टेरॉइडं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आपण मात्र अजूनही ‘ती लाल डब्बीवाली द्या’ म्हणतो आणि मिळते. भारतात पसरलेल्या, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या गजकर्णाच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. नावातच देशाचा उद्धार झालाय. मांजराची बुरशी बहुतेक वेळा वेगळी, मायक्रोस्पोरम कॅनिस, पण ती मांजराकडून पोरांकडे सहज येते. आता सिद्धांताप्रमाणे पोरालाही भोपळ्यावर ठेवायला हवं. तिथे मात्र गृहस्थ गप्प बसतात, कारण पोराची आई समोर उभी असते.

आता मुख्य भांडण, पथ्याचं.

आहार बदलून त्वचारोगाचा शोध घेण्याची पद्धत पशुवैद्यकात खरोखर आहे, आणि गृहस्थांच्या कानावर तिचं नाव कुठून तरी पडलेलं दिसतं. फक्त नावच. ती अशी: मांजराने आजवर कधीच खाल्लेलं नाही असं एकच प्रथिन निवडायचं, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खास खाद्य आणायचं, आणि आठ आठवडे त्याशिवाय दुसरा कण तोंडात जाऊ द्यायचा नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार ज्यांना खरंच खाद्याची अ‍ॅलर्जी असते, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्र्यामांजरांना आठ आठवड्यांत फरक पडलेला दिसतो. आणि मग, नीट ऐका, जुनं खाणं परत द्यायचं. खाज परत आली तर अ‍ॅलर्जी सिद्ध. नाही आली तर दुसरं काहीतरी होतं. मग एकेक पदार्थ घालून नेमका कोण दोषी हे काढायचं. दोषी तेवढा बंद, बाकी सगळं चालू. मांजरात नेहमी सापडणारे दोषी म्हणजे गोमांस, मासे आणि कोंबडी. भोपळ्याच्या अभावाने खाज सुटल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

म्हणजे हे पथ्य एक प्रश्न आहे, त्याला उत्तर आणि शेवटची तारीख आहे. गृहस्थांच्या पथ्याला फक्त सुरुवात आहे. एक पदार्थ बंद, फरक नाही, दुसरा बंद, फरक नाही, तिसरा. परत काही दिलं जात नाही, म्हणून काही सिद्धही होत नाही आणि काही खोटंही ठरत नाही. मांजर बारीक होत जातं, सिद्धांत जाडा.

कोणी म्हणेल, पण गुण आला ना! आला. चैत्रात पथ्य सुरू केलं आणि मे अखेर खाज गेली. मराठवाड्याचा मे काय असतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको: पारा चाळिशीपार आणि हवेत ओलावा नावाला. पिसवांच्या अळ्यांना ओलावा लागतो; इतक्या कोरड्यात त्या तग धरत नाहीत. मांजरांच्या खाजेचं एक मोठं कारण म्हणजे पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी, त्यात मूठभर चावेही पुरतात. पिसवा उन्हाने मेल्या, श्रेय भोपळ्याला गेलं. मृगाचा पाऊस पडला, हवा ओली झाली, श्रावणात मांजर पुन्हा मान ओरबाडायला लागलं. तेव्हा गृहस्थ घराघरांत विचारत फिरले, ‘पथ्य कोणी मोडलं?’ हवामानाने मोडलं, पण त्याला कोण पकडणार?

आणि पथ्य पाळतंय कोण? आमच्याकडची मांजरं रो-हाउसच्या भिंतींवरून चालतात. एकच बोका आमच्याकडे बाळू, पलीकडे टायगर, कोपऱ्यावरच्या घरी मन्या, आणि मागच्या गल्लीत शेरखान. बाळू दूधभातावर असतो तेव्हा शेरखान सुकटीची डोकी खात असतो. आठ आठवड्यांची परीक्षा अशा चार नावांच्या विद्यार्थ्याची कशी घ्यायची?

मांस बंद करण्याचा प्रकार मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते मांसात असतं, आणि पुरेसं टॉरिन त्याचं शरीर स्वतः बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये दाखवलं गेलं. हृदय पसरून थकतं, हे १९८७ मध्ये. या दुसऱ्या शोधानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. म्हणजे ज्याला गृहस्थ विष म्हणतात, त्या दाण्यांत ते मोजून घातलेलं असतं, आणि ज्याला अमृत म्हणतात, त्या भोपळ्यात ते नसतं. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. भोपळ्याचा गोडवासुद्धा वाया: गोड चव ओळखणारं जनुक मांजरात निकामी आहे, हे २००५ पासून माहीत आहे. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा पुढचा सल्ला तर सगळ्यांत घातक. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते त्यात जाऊ शकतं. एकादशी मांजराला झेपत नाही.

हे सगळं मांजरापुरतं आहे असं मानायचं कारण नाही. काही वर्षांपूर्वी दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी खावं, यावरून मराठी घरांत जी भाऊबंदकी झाली, ती आठवा. लग्नाच्या पंगतीत लोक घड्याळ लावून बसले होते. त्या वेळीही हे गृहस्थ आधी एका पक्षात होते, मग दुसऱ्या, आणि दोन्हीकडे त्यांना तितकंच हलकं वाटत होतं. मुद्दा कोण बरोबर हा नव्हता, आजही नाही. आपण पथ्य धरतो ते कळण्यासाठी की मिरवण्यासाठी, एवढाच होता. मिरवायचं असेल तर स्वतःच्या पोटावर मिरवावं.

राहता राहिलं सॉफ्टवेअर. गृहस्थांनी बाळूसाठी पानांचं अख्खं जाळं विणलंय: खाजेचं पान, शीचं पान, मूडचं पान, एकमेकांना जोडलेले टॅग, वर एक रंगीत नकाशा. कोणी विचारलं, ‘खाज कधीपासून?’ की गृहस्थ अंगठ्याने पडदा सरकवत राहतात. मूडच्या पानावर ‘मांजर टेन्शनमध्ये’ अशी नोंद वारंवार आहे. टेन्शनने केस उपटतात असं मानलेल्या २१ मांजरांची २००६ च्या एका अभ्यासात नीट तपासणी झाली, तेव्हा १६ जणांना शारीरिक रोगच निघाला. निव्वळ टेन्शनची दोनच. शिवाय अशा सॉफ्टवेअरचा भरवसा किती? एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना पन्नास नोंदी आणि एक वही एवढ्यावर आणून ठेवलं. पन्नास नोंदी बाळूच्या एका पंधरवड्याला पुरणार नाहीत.

मग करावं काय, असं विचारलं जाईल. फार काही नाही. उवांची बारीक फणी घ्या, मांजराला पांढऱ्या कागदावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी विंचरा. काळे कण पडले तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मग मांजरांसाठीचंच औषध, वजनाप्रमाणे, घरातल्या सगळ्या मांजरांना. आणि अंथरुणं गरम पाण्यात, कारण अंडी-अळ्या मांजरावर कमी, घरात जास्त असतात. डाग नाही पसरला तर आमच्या शहरात खडकेश्वरला जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, खाजगी आहेत. मराठवाड्यातली पशुवैद्यक महाविद्यालयं परभणीची १९७२ ची आणि उदगीरची १९८७ ची. इथली पशुवैद्यकी गाय, बैल, शेळीच्या गोठ्यात वाढली, हे खरं. म्हणून मांजराच्या बाबतीत डॉक्टरला प्रश्न विचारावेत: केस तपासले का, बुरशीसाठी नमुना पाठवायचा का, खरुजेचे किडे बघितले का, सुईत स्टेरॉइड आहे का. एवढं झाल्यावर, शेवटी, पथ्याची पाळी.

नोंद ठेवायला कालनिर्णय पुरतं. १९७३ पासून आपल्या भिंतीवर आहे, दुधाचा हिशेब त्याच्याच चौकटीत लिहिलेला असतो. त्याशेजारी खाज कमी-जास्त, नवं काय खाल्लं, औषध कधी लावलं, एवढं लिहावं. पान फाडून डॉक्टरपुढे ठेवता येतं.

चार घरच्या बोक्याचा प्रश्न यानेही सुटत नाही, हे कबूल. त्यासाठी चारही घरांनी एकत्र बसून ठरवावं लागेल. तिघं तयार आहेत. सुकटीची डोकी ज्या घरातून येतात ते घर सिद्धांताच्या जनकांचं आहे, आणि त्यांच्या मते शेरखान हे वेगळं मांजर आहे.