वाजणारी फरशी

यवतमाळ जिल्ह्यांतील मुकुटबन हें गांव चुनखडीच्या पट्ट्यांत वसलेलें आहे. तेथें २०२२ सालीं वर्षाला ३९ लक्ष टन सिमेंट काढूं शकणारा कारखाना सुरू झाला. परंतु सिमेंट हाताशीं आलें म्हणून घरांतील फरशी आपोआप चांगली बसते, असें नाहीं. या बाजूस काळी जमीन पुष्कळ. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. जोत्यांत मुरूम भरून तो नीट चोपला नसेल, तर वरची फरशी कितीहि महाग असो, ती तडकल्यावांचून राहत नाहीं. म्हणून दोष मालाचा, मिस्त्रीचा कीं खालच्या भरावाचा, हें आधीं पहावें, मग रागवावें.

परीक्षा सोपी आहे. घरांत सामसूम असतां नाण्यानें प्रत्येक फरशीच्या चारी कोपऱ्यांवर व मध्यभागीं हलकेच ठोकावें. भरीव आवाज आला तर खालीं मसाला पोंचला आहे. रिकाम्या मडक्यासारखा आला तर तेथें खडूनें खूण करावी. कोरड्या खोलींत फरशीच्या पाठीचा निदान ८० टक्के व न्हाणीघरांत ९५ टक्के भाग चिकटलेला असावा, असा या धंद्यांतील संकेत आहे. नंतर सांध्यावर सरळ पट्टी आडवी ठेवावी. कडा सुमारें एक मिलिमीटरहून अधिक वर असेल, तर ती अनवाणी पायाला लागते.

न्हाणीघरांत बादलीभर पाणी ओतून थोडें थांबावें. दर मीटरास एक सेंटिमीटर उतार असला म्हणजे पाणी जाळीकडे निघून जातें. तें भिंतीशीं साचत असेल, तर हा दोष मात्र मुळींच खपवून घेऊं नये. रंग थोडा निराळा दिसला तर डोळ्यांस खुपेल एवढेंच. पण ओलीवर शेवाळ धरलें आणि घरांतील वृद्ध आजीचा पाय घसरला, तर तिचें उरलेलें आयुष्य अंथरुणावर जाण्याची भीति असते.

पुष्कळदां दोषाचें मूळ आपल्याच आग्रहांत असतें. ‘सांधा दिसतां कामा नये’ असें आपण बजावतों; मिस्त्री फरशा एकमेकींस भिडवून बसवितो; उष्णतेनें त्या वाढल्या कीं मध्येंच उचलल्या जातात. दोन-तीन मिलिमीटरांचा सांधा व भिंतीलगत थोडी मोकळी जागा हवीच. शिवाय व्हिट्रिफाइड फरशी अर्ध्या टक्क्याहूनहि कमी पाणी शोषते. नुसत्या सिमेंटच्या पाण्यास ती नीट धरत नाहीं. तिच्यासाठीं भारतीय मानक १५४७७ प्रमाणें केलेला चिकट मसाला वापरावा, आणि तो गोळे ठेवून नव्हे, तर दांतेरी थापीनें सर्वत्र पसरावा.

आतां उपाय. एकत्र कुटुंबांत काका एक सांगतात, सूनबाई दुसरें. मिस्त्री दोन्ही ऐकतो व आपल्या मनाचें करतो. म्हणून बोलणारें माणूस एकच नेमावें. शेवटचा हप्ता तपासणीनंतर देण्याचें आरंभींच लिहून ठरवावें. थोड्याच फरशा वाजत असतील तर तेवढ्याच काढून पुन्हा बसवाव्या. सगळी खोलीच वाजत असेल तर वरवरच्या डागडुजीवर समाधान मानूं नये. ठेकेदार ऐकत नसेल तर छायाचित्रें, पावत्या व लेखी तक्रार जपून ठेवून १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर विचारावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें यवतमाळच्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. कामाचे दिलेले पैसे पांच लक्षांपर्यंत असतील तर फी पडत नाहीं.

मात्र ठेकेदाराशीं भांडतांना रोजावर राबलेल्या मजुराचा रोज अडवूं नये. हलका मसाला आणला तो त्यानें नव्हे. आणि त्याची चूल त्याच संध्याकाळच्या पैशांवर पेटते.

जातां जातां एक सूचना: त्याच रंगाच्या, त्याच खेपेच्या पांच-सहा फरशा माळ्यावर राखून ठेवाव्या. पुढें एखादी बदलायची वेळ आली, तर ती छटा बाजारांत सांपडेलच असें नाहीं.